पांढरा रस्सा कुणी फोडला?

भाचीचं लग्न ठरलं आणि नवे सोयरे पहिल्यांदाच घरी जेवायला येणार, म्हणून त्या रविवारी स्वयंपाकघरात सकाळपासून लगीनघाई होती. दादानं पहाटेच मटण आणलं होतं. चारही बर्नर पेटलेले. मागच्या दोहोंवर तांबडा आणि सुकं, पुढं डावीकडं पांढऱ्या रश्श्याचं पातेलं, पुढं उजवीकडं भाकरीचा तवा. वहिनींचा पांढरा रस्सा आमच्या भावकीत नावाजलेला आहे. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, आदल्या रात्रीच काढून ठेवायची नाही, सकाळी ताजीच. खसखस, तीळ, काजू गंधासारखे वाटायचे. नारळाचं दूध स्वतःच्या हातानं पिळायचं. एकदा का ते दूध पातेल्यात पडलं की आच बारीक, डाव फिरता, आणि काहीही झालं तरी उकळी येऊ द्यायची नाही. त्या दिवशी तो रस्सा फुटला. वर तेलाचा तवंग, खाली पिवळट पाणी आणि त्यात तरंगणारे पांढरे कण. वास तोच होता, वेलदोडा-दालचिनीचा, पण वाटीत ओतल्यावर बघवत नव्हतं.

सोयऱ्यांनी काही दाखवलं नाही. दोन-दोन वाट्या प्यायले बिचारे. पण ते गेल्यावर दादा म्हणालाच, “लक्ष कुठं होतं तुझं?” आणि वहिनी म्हणाल्या, “माझंच चुकलं. तव्याखालची आच वाढवायला गेले आणि दुसरंच बटण फिरवलं. पाठ वळवून भाकरी थापत होते, कळलंच नाही.” आई म्हणाली, “असू दे की, गडबडीत व्हतंय.” विषय मिटला. सगळ्यांच्या लेखी कारण सापडलं होतं.

माझ्या लेखी नाही.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, येतं, आमच्याकडं त्याचं ड्रिलिंग, बोअरिंग, टॅपिंग होतं आणि गाड्यांच्या कंपन्यांकडं जातं. फार पूर्वी आमच्याकडं एका ब्रॅकेटचा लॉट परत आला होता. कास्टिंग दोन्ही बाजूंनी दिसायला जवळजवळ सारखं. ऑपरेटरनं काही नग फिक्स्चरमध्ये, म्हणजे काम करताना नग पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, उलटे लावले, भोकं भलतीकडं पडली. तेव्हाच्या आमच्या साहेबांनी रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’, आणि उपाय लिहिला, ‘ऑपरेटरला समज दिली’. कस्टमरनं तो रिपोर्ट तसाच परत पाठवला. हे कारण आम्ही धरत नाही, म्हणाले. माणूस उलटा नग लावू शकला, म्हणजे तुमच्या फिक्स्चरनं लावू दिला. का लावू दिला ते सांगा. मग आम्ही फिक्स्चरमध्ये एक लोकेटिंग पिन ठोकली. कास्टिंगला एका अंगाला खाच होतीच, ती पिनेवर बसली तरच नग खाली बसतो. उलटा धरला तर वर उचललेला राहतो आणि क्लँप लागतच नाही. त्या दिवसापासून आजतागायत त्या ब्रॅकेटचा एक नग उलटा गेलेला नाही. ऑपरेटर तेच. दुपारच्या पाळीला पेंगणारे, घरात कुणी आजारी असलं की मन थाऱ्यावर नसणारे, मोबाइलवर फोन आला की दचकणारे. माणसं बदलली नाहीत, पिन बसली.

याला शॉपमध्ये पोकायोके म्हणतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही शेडमध्ये विचारा, हेल्परलासुद्धा माहीत असतं. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत उभी केली. त्यांचं १९६१ मधलं एक उदाहरण आम्हाला ट्रेनिंगला सांगतात. एका कारखान्यात लहानसं स्विच जुळवायचं काम होतं, बटणाखाली दोन स्प्रिंगा टाकायच्या. कामगार मधूनच एखादी स्प्रिंग विसरायचे. साहेब ओरडायचे, काही दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. शिंगोंनी एवढंच केलं, की काम सुरू करताना डब्यातून आधी दोन स्प्रिंगा काढून समोरच्या बशीत ठेवायच्या आणि मग जुळणी करायची. जुळणी झाल्यावर बशीत स्प्रिंग उरलेली दिसली, की विसरली हे तिथल्या तिथं कळतं. ओरडण्याचं कामच संपलं.

हे सगळं मी शिफ्टमध्ये आठ तास जगतो आणि संध्याकाळी घरी येतो, तर घरात अजून ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ चालू आहे. लोखंडाच्या नगाला जो न्याय मिळतो, तो रस्सा करणाऱ्या बाईला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या शेगडीसमोर उभा राहून ती नीट बघितली. काळ्या काचेची, दिसायला देखणी. चार बर्नर चौकोनात, दोन पुढं, दोन मागं. आणि चार बटणं मात्र पुढच्या पट्टीवर एका ओळीत. चारही सारखीच: तोच गोल आकार, तोच चकचकीत रंग, तेवढाच घेर. डावीकडून दुसरं बटण पुढच्या बर्नरचं की मागच्या, हे बटणाकडं बघून सांगता येत नाही. पुढं उजवीकडच्या तव्याला डावीकडून तिसरं बटण, की चौथं? बटणाच्या वर चार ठिपक्यांचं बारीक चित्र छापलेलं होतं म्हणे, त्यातला एक ठिपका भरीव. ‘होतं’ म्हणतोय, कारण घासणीनं ते कधीच पुसून गेलंय. स्वयंपाकघरातली शेगडी रोज घासली जाते, त्यावर मटणाचं तेल उडतं, दूध उतू जातं, हे ज्यानं चित्र छापलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं का? पहिल्या बटणाजवळ फक्त अर्धा ठिपका शिल्लक आहे. मी त्यावरून बोट फिरवलं तर तोही बोटाला लागला.

आणि हा प्रश्न काही नवा नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपनिस आणि लिंडेनबॉम या दोघांनी १९५९ मध्ये नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला होता: चार बर्नर, चार बटणं, आणि बटण फिरवताना माणूस किती चुकतो. बर्नर चौकोनात ठेवले आणि बटणं ओळीत, तर लोक चुकत राहिले, मग बटणांचा क्रम कुठलाही लावा. पण मागचे बर्नर थोडे बाजूला सरकवून चारही बर्नर डावीकडून उजवीकडं सुटे दिसतील असे मांडले, तेव्हा कुणाचीच एकही चूक झाली नाही. चित्र नको, ठिपका नको, सूचना नको. आपल्या कोल्हापूरच्या एखाद्या पत्रा कापणाऱ्या पोरालासुद्धा अर्ध्या दिवसात जमेल एवढा बदल आहे हा. साठ-पासष्ट वर्षं झाली त्याला. आणि माझ्या वहिनी अजून म्हणतात, माझंच चुकलं.

याच चॅपनिसची दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट मला फार जवळची वाटते. बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिकाला फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटायचे असायचे आणि तो चाकंच मिटायचा. नोंद व्हायची, वैमानिकाची चूक. चॅपनिसनं कॉकपिटमध्ये बसून बघितलं, तर दोन्ही दांडे शेजारी-शेजारी आणि हाताला सारखेच. त्यानं चाकांच्या दांड्याला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या दांड्याला पाचर. अंधारात, थकलेल्या हातालाही कळायला लागलं, आपण काय धरलंय. विमानांच्या चाकांच्या दांड्याला चाकाच्याच आकाराची मूठ आजही असते. वैमानिकांच्या बाबतीत जगानं मान्य केलं, की हाताला कळलं पाहिजे. बायकांच्या बाबतीत मान्य करायला काय अडलंय?

आता आईचं सांगतो, कारण रस्सा फुटलेला परवडला, पण तिचं जे झालं ते मला अजून सहन होत नाही.

मागं एकदा सिलिंडर अवेळी संपला. नंबर लावला होता, पण गाडी यायला वेळ होता. घरात इंडक्शन शेगडी होती, कुणीतरी आहेरात दिलेली. आई एकटी होती. तिनं नेहमीचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं ठेवलं, चहाचं पाणी घातलं आणि बटण दाबायला गेली. बटण नव्हतंच. सपाट काच, तिच्यावर छापलेली चित्रं. बोट ठेवायचं. तिचे हात ओले होते, स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात दुसरे कसे असणार? काचेला ओलं बोट समजेना. पदराला हात पुसून पुन्हा ठेवलं, तर आयुष्यभर भाकरी थापून आणि भांडी घासून कोरडी, जाड झालेली बोटांची टोकं, तीही पहिल्या झटक्यात कळेनात. कसंबसं चालू झालं तर शेगडी पीं-पीं करायला लागली आणि एक इंग्रजी अक्षर आणि आकडा लुकलुकायला लागला. थोड्या वेळानं आपोआप बंद. पण आतला पंखा फिरतच राहिला, घूं-घूं. आई घाबरली. मला कामावर फोन केला, “आरं, ह्ये काय वाजालंय बघ. माझ्या हातानं मोडलं वाटतं.”

मोडलं काहीच नव्हतं. इंडक्शनमध्ये आच नसते, काचेखाली तांब्याची गुंडाळी असते, तिच्यात वेगानं दिशा बदलणारी वीज खेळवली की वर चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यानं भांड्याचा तळच तापतो. त्यासाठी तळ लोखंडी, नाहीतर चुंबक चिकटेल असा स्टीलचा लागतो. जर्मनचं, पितळेचं, तांब्याचं भांडं त्यावर तापत नाही. पंखा फिरतो तो आतली गुंडाळी निवावी म्हणून, बंद केल्यावरही काही वेळ फिरायलाच पाहिजे. यंत्र आपलं काम बरोबर करत होतं. फक्त समोरच्या माणसाला काय चाललंय ते सांगत नव्हतं. जे सांगत होतं ते एका अक्षरात आणि एका आकड्यात, आणि त्याचा अर्थ पुस्तिकेत.

ती पुस्तिका मी त्या संध्याकाळी शोधून काढली. खोक्यात थर्माकोलच्या खाली पिशवीत तशीच होती. ट्रेसिंग पेपरसारखा पातळ कागद, पलीकडची अक्षरं अलीकडं दिसणारी. इंग्रजी आणि हिंदी. सुरुवातीची पानंच्या पानं इशारे: पाण्यात बुडवू नका, वायर ओढू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, कापड झाकू नका, आणि हे करू नका ते करू नका. चित्रातलं पॅनेल आमच्या शेगडीचं नव्हतंच. खाली बारीक टीप, की चित्र फक्त माहितीसाठी आहे. एकच पुस्तिका सगळ्या मॉडेलांना. शेवटच्या पानावर तक्ता, त्यात तो आकडा, त्याच्यासमोर ‘योग्य भांडं ठेवलेलं नाही’. बाकी बहुतेक आकड्यांसमोर एकच वाक्य: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

माझी आई सातवी शिकलेली आहे. रोजचा पेपर मथळ्यापासून शेवटच्या पानाच्या जाहिरातीपर्यंत वाचते, शब्दकोडं सोडवते. बचत गटाचा हिशोब इतकी वर्षं तिच्याकडं आहे, बँकेच्या साहेबाला दोनदा व्याजाची चूक काढून दाखवली आहे तिनं. ती बाई त्या दिवशी ओट्याला टेकून म्हणाली, “आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय कळतंय त्यातलं.”

तिला अडाणी कुणी केलं? सकाळपर्यंत तर ती नव्हती.

मी स्वतः सूचना लिहितो, म्हणून मला याचा राग जास्त येतो. आमच्या प्रत्येक मशीनवर वर्क इन्स्ट्रक्शन लावलेली असते. एक पान, लॅमिनेट केलेलं. वर त्याच मशीनचा, त्याच नगाचा फोटो. बरोबर कसं बसवायचं त्यावर हिरवी खूण, चुकीचं कसं दिसतं त्यावर लाल फुली. मराठीत, आणि आता ओडिशा-बिहारची पोरं फौंड्रीत आणि शॉपमध्ये भरपूर आहेत म्हणून हिंदीतही. लिहून झालं की मी ते ज्यानं ते मशीन कधी चालवलेलं नाही अशा पोराच्या हातात देतो आणि काही न बोलता बाजूला उभा राहतो. तो जिथं थबकतो, तिथं माझं वाक्य कच्चं आहे. पुन्हा लिहायचं. यात विद्वत्ता लागत नाही, वेळ लागतो आणि समोरच्याची कदर लागते. घरगुती वस्तूंच्या पुस्तिका अशा कुणाच्या हातात देऊन तपासल्याचं एका पानावरही दिसत नाही. त्या वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्याच नाहीत. उद्या काही घडलं तर ‘आम्ही छापलं होतं’ म्हणता यावं, यासाठी लिहिलेल्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ८४ आहे. वस्तूसोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. चांगलं कलम आहे. पण कंपन्यांनी त्यातला इशारा तेवढा उचलला आणि ‘पुरेशा’ कुणाला, हे विचारायचं सोडून दिलं. सातवी शिकलेल्या कोल्हापूरच्या बाईला पुरत नसतील, तर त्या सूचना पुरेशा कशा?

कुणी म्हणेल, पूर्वीची यंत्रं बरी होती. मला तसं म्हणायचं नाही. वडणग्याला मामांच्या मळ्यात ऑइल इंजिन होतं, आपल्या उद्यमनगरातच ओतलेलं आणि जुळवलेलं. सुट्टीत आम्ही पोरं ते सुरू होताना बघायला धावायचो. मामा आधी डिझेलचा कॉक सोडायचे, मग वरचा छोटा दांडा उचलायचे, म्हणजे आतली कोंडलेली हवा सुटते आणि हँडल हलकं फिरतं. हँडल घालून घुमवायला सुरुवात. चाकानं वेग घेतला की दांडा खाली टाकायचा, भक्-भक् करत काळा धूर, आणि हँडल आपोआप सुटून हातात यायचं. डिझेलचा, ओल्या मातीचा आणि उसाच्या पाचटाचा एकत्र वास. मामांनी मला पहिल्यांदा हँडल धरायला दिलं तेव्हा आधी माझा अंगठा उचलून बोटांच्याच बाजूला ठेवला. “अंगठा वळवून धरायचा न्हाई. उलटं फिरलं तर मोडंल.” अख्खी पुस्तिका त्या एका स्पर्शात होती. पण त्यांच्याच एका गड्याचा अंगठा तसा मोडला होता आणि पुढं त्याला खुरपं धड धरता आलं नाही. गावात सगळे काय म्हणायचे? त्याला धरता आलं नाही. हँडल उलटं मारतंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी बोल गड्यालाच. तेव्हाही तेच.

आणि नीट विचार केला की नीट वस्तू होते, हे रोज आपल्या हातात असतंच. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन बघा. ती जाणूनबुजून लांब ठेवलेली असते. प्लग खुपसताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. प्लग उलटा बसत नाही, चुकीच्या भोकात जात नाही. ज्याला अर्थिंग म्हणजे काय हेही माहीत नाही, त्याचाही जीव ती पिन सांभाळते. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर घ्या. आत वाफ आहे तोवर वाफच झाकणाला आतून दाबून धरते, उघडू म्हटलं तरी उघडत नाही. आईनं त्याची पुस्तिका जन्मात वाचलेली नाही, आणि कुकरनं तिला कधी अडाणी म्हटलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी वहिनींना घेऊन राजारामपुरीत शेगड्या बघायला गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं आधी काचेवरची फुलं दाखवली, मग काचेची जाडी, मग वॉरंटी. मी वहिनींना म्हटलं, “वहिनी, डोळे मिटा आणि मागच्या डाव्या बर्नरचं बटण धरा.” त्या आधी संकोचल्या, दुकानात आणखी बायका होत्या. मग धरलं. चुकलं. दुसऱ्या शेगडीवर धरलं, तेही चुकलं. शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, “आमच्यात पण असंच हुतंय. मी तर प्रत्येक बटण फिरवून वाकून बघतो, कुठली ज्योत हलली.” मग तिथल्या चार-पाच बायका आळीपाळीनं धरून बघायला लागल्या. एक जण म्हणाली, तिनं बटणावर नेलपॉलिशचे ठिपके काढलेत. दुसरीनं मागचे बर्नर पेटवणंच सोडून दिलंय, दोनावरच भागवते. पैसे चाराचे मोजलेत. प्रत्येकीनं घरच्या घरी आपापली पिन ठोकून घेतली होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, ही अडचण आपल्या एकटीचीच आहे. दुकानदार गप्प ऐकत होता. म्हणाला, “दादा, इतकी वर्षं धंदा करतोय, हे मला कुणीच विचारलं नव्हतं.” शेवटी तीन बर्नरची एक शेगडी सापडली, मधला बर्नर मागं सरकवलेला आणि तिन्ही बटणं आपापल्या बर्नरच्या सरळ रेषेत. फुलं नव्हती, काच साधी. वहिनींनी डोळे मिटून तिन्ही बटणं बिनचूक धरली आणि मग म्हणाल्या, “भावजी, म्हणजे त्या दिवशी मी वेंधळी नव्हते.” मी म्हटलं, “नव्हताच.” दादाला हे त्यांनी घरी जाऊन स्वतः सांगितलं, शेगडी ओट्यावर ठेवून, त्याचे डोळे मिटायला लावून.

इंडक्शनचा हिशोब मात्र राहिला होता. आम्ही शॉपमध्ये कारण शोधायला व्हाय-व्हायचा कागद भरतो. का, आणि त्याला पुन्हा का, असं शेवटपर्यंत. मी तोच छापील फॉर्म घेतला आणि आईला शेजारी बसवून मराठीत भरला. चहा का झाला नाही? भांडं तापलं नाही. का? जर्मनचं होतं. ते चालत नाही हे वापरणारीला का कळलं नाही? काचेवर नुसता आकडा आला. आकडाच का? भांड्याचं चित्र दाखवायला जागा असून दाखवलं नाही. का नाही? ओल्या हातानं चहा ठेवणाऱ्या बाईला, ही शेगडी बनवताना कुणी बोलावून बघितलं नाही. उपायाच्या रकान्यात लिहिलं: भांडं चालत नसेल तर भांड्याचं चित्र आणि त्यावर फुली दिसावी, चालू-बंदला ओल्या हातालाही कळेल असं दाबायचं बटण द्यावं, पंखा निवण्यासाठी फिरतोय हे पॅनेलवर दिसावं, आणि याच मॉडेलच्या फोटोसह एका पानाची मराठी सूचना खोक्यात सगळ्यात वर असावी, थर्माकोलच्या खाली नव्हे. ‘जबाबदार व्यक्ती’ आणि ‘तारीख’ हे दोन रकाने कंपनीसाठी मोकळे सोडले आणि स्पीड पोस्टनं पाठवून दिलं. पाकीट चिकटवायच्या आधी आईनं कागद पुन्हा वाचला आणि म्हणाली, “अक्षर मोठं छापा, ह्ये ऱ्हायलंय की.” ते तिच्याच अक्षरात खाली लिहिलंय.